उपवासात तोंडाला वास का येतो? नवरात्रात फार त्रास होतो, काय करावं?

लोक याला पित्त म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा पित्ताचा काही संबंध नसतो. चावणं थांबलं की लाळ कमी सुटते. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धूत असते. ती आटली की जिभेच्या मागच्या भागातल्या जंतूंचं फावतं आणि ते गंधकाचे वायू सोडतात. हा झाला कुजका वास. नुसत्या पाण्यावर किंवा लवंगेवर राहणाऱ्यांचा वास निराळा. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपतो, मग शरीर चरबी जाळतं, त्यात अ‍ॅसिटोन तयार होतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाला येतो तोच हा वास. तो फुप्फुसातून येतो, त्यामुळे कितीही दात घासा, पूर्ण जात नाही. दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी हाणणाऱ्यांनी मात्र चरबी जळायलीय म्हणून सांगू नये. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तुमचा वास जिभेवरचा आणि दाढेत अडकलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा.

मी परभणीकडं एका खेड्यात पहिलीला शिकवते. सासरी घट बसतात, आणि त्या दिवसांत मुक्कामी येणाऱ्या नणंदबाईंचा, म्हणजे आक्कांचा, दंडक असा की घट उठेपर्यंत पेस्ट लावायची नाही. पेस्ट गोड असते, उपास मोडतो म्हणे. पाचव्या माळेला पाटी तपासायला वाकले, तर एक पोरगी फ्रॉकचं टोक नाकाला लावून म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडाचा वास यायलाय." सगळा वर्ग खिदळला. घरी आले, मोरीवर बसून सरळ पेस्टनं दात घासले, जीभ खरवडली. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज, "घट बसलेत अन् पेस्ट चघळायलीस? देवीचं काही भ्या?" हे म्हणताना आक्कांच्या डाव्या तळहातावर मिश्री, उजव्या हाताचं बोट काळं, आणि ते हिरडीवरून फिरवणं चालूच. म्हटलं, आक्का, तव्यावर भाजलेली तंबाखू कशी चालते उपासाला? तर म्हणे, "मिश्री काय गिळायची असती का?" मग पेस्ट मी काय भाकरीला लावून खाते?

सप्तशतीच्या पाठाला आलेल्या गुरुजींपुढंच विषय काढला. ते म्हणाले, उपवासाच्या दिवशी काडीनं दात घासू नयेत असं शास्त्रात आहे खरं, पण त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भरून तोंड शुद्ध करावं असंही आहे. म्हणजे घाण तोंडानं देवीपुढं बसा असं कुणीच म्हणत नाही. आक्कांनी यातलं पहिलं अर्धंच ऐकलं, आणि तेच घेऊन अजून भांडतात.

तुम्ही जीभ खरवडा, पार मागपर्यंत. पेस्टचं वावडं असेल तर नुसत्या ओल्या ब्रशनं दात घासा. घोट घोट पाणी पीत राहा, चहावर चहा ढोसू नका. निर्जळ असेल तर निदान चुळा भरा. वेलदोडा-लवंगेनं वास झाकला जातो, जात नाही. चघळताना लाळ सुटते तेवढाच फायदा. अल्कोहोलवालं माउथवॉश तोंड आणखी कोरडं करतं. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. आणि मिश्री लावत असाल तर बाकी सगळं वाया. हिरड्यांची वाट लागते आणि कॅन्सरचा धोका तो वेगळाच.

एक राहिलंच. साखरेचा आजार असेल, त्यातही इन्सुलिन चालू असेल, तर उपास आधी डॉक्टरला विचारूनच धरा. श्वासाला तो गोडसर वास आणि सोबत मळमळ, धाप असं झालं तर देवीला हात जोडून तडक दवाखाना गाठा.

घट उठल्यावर, नीट जेवायला लागल्यावरही वास तसाच राहिला तर तो उपवासाचा नाहीच. दातांच्या डॉक्टरला हिरड्या दाखवा. आक्कांनाही दरवर्षी हेच सांगते, पण त्या जात नाहीत. डॉक्टर मिश्री सोडायला लावील ना!