पावसाआधी घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात साधारण १० जूनच्या सुमारास पोहोचतो. सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते आणि नंतर ते वाळायलाही वेळ हवा. म्हणजे गच्चीच्या दुरुस्तीसाठी हातात मे महिन्याचा पहिला पंधरवडाच उरतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न गळतीचेच आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : आमचे घर चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. सोसायटीने गच्चीला दोन वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंगचा रंग लावून घेतला. दोन्ही वेळा त्याला फुगे आले आणि हॉलच्या छताची ओल काही जात नाही. आता नवा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उताराचा थर) घालावा असे चालले आहे. योग्य होईल का?

उत्तर : नवा कोबा घालू नका. एक इंच जाडीचा थर १००० चौरस फुटांवर सुमारे ५ टन वजन चढवतो, आणि जुन्या कोब्यात मुरलेले पाणी त्याखाली कोंडले जाते. उतारच चुकला असेल, तर जुना कोबा फोडूनच नवा घालावा. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा.

फुगे येण्याचे कारण बहुधा रंगात नसून त्याच्या खाली असते. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी धरून ठेवतो. त्यावर रबरासारखा थर बसला की आतल्या पाण्याची उन्हाने वाफ होते आणि ती थराला खालून उचलते. फुगा फुटला की पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते, पण उरलेल्या थरामुळे त्याला वाळायला वाव मिळत नाही.

म्हणून आधी ओल तपासा. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर पसरून चारी कडा टेपने घट्ट बंद करा आणि १६ तास तसेच ठेवा. आतून थेंब जमले किंवा खालची जागा काळपट पडली, तर ॲक्रिलिक रंग लावण्याची वेळ आलेली नाही. कठड्याजवळ, पाण्याच्या टाकीशेजारी आणि मधोमध अशी तीन-चार ठिकाणी ही चाचणी घ्या. फक्त टाकीशेजारीच ओल सापडली, तर टाकीचा ओव्हरफ्लो आणि तिचे सांधे आधी बघा. एप्रिल-मेमध्ये दिसणारी ओल अनेकदा तिथलीच असते.

पाणी शिरते ते बहुतेक वेळा कडांतून : गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातून, पावसाच्या पाइपाच्या तोंडातून आणि गच्चीतून वर आलेल्या पाइपांच्या भोवतालून. सांध्यातली गोलाई, जिला गवंडी वाटा म्हणतात, ती लहान हातोडीने हलके ठोकत जा. पोकळ आवाज आला की तेवढा भाग फोडा, धूळ ब्रशने पूर्ण काढा, सिमेंटच्या पातळ घोळात लॅटेक्स मिसळून तो लावा आणि तो ओला असतानाच १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू या मालाने तीन-चार इंचांचा नवा वाटा करा. सात दिवस पाणी मारा. पाइपाचे तोंड आजूबाजूच्या गच्चीपेक्षा थोडे खोलगट असावे आणि त्यावरची जाळी घुमटाकार असावी. सपाट जाळी एका प्लास्टिकच्या पिशवीने बंद होते. ताशी १०० मि.मी. पावसाला ४ इंची एक पाइप साधारण ४३ चौरस मीटर, म्हणजे ४६० चौरस फूट गच्चीला पुरतो. दोनपैकी एक पाइप तुंबला तर हिशेब लगेच कोलमडतो, कारण त्या पावसात १००० चौरस फुटांवर तासाला ९ हजार लिटरच्या वर पाणी पडते.

केसासारख्या बारीक भेगांना भेगा भरायची ॲक्रिलिक पेस्ट पुरते. मोठी भेग कटरने इंग्रजी व्हीच्या आकारात साधारण १० मि.मी. खोल खाचून, धूळ काढून पॉलिमर मॉर्टरने भरा. भेग ऊन-थंडीने कमीजास्त होत असेल तर सिमेंट टिकणार नाही. तिथे पॉलियुरेथेन सीलंटच हवे.

मग प्राइमर आणि रंगाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा. सांध्यांवर पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी बसवा. काम भल्या सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करा, कारण तापलेल्या गच्चीवर रंग नीट धरत नाही. गच्ची वाळतच नसेल तर द्रव आणि पावडर मिसळून लावायचे दोन भागांचे सिमेंटी कोटिंग घ्या. त्याला खालचा पृष्ठभाग ओलसरच लागतो, फक्त पाणी साचलेले नको.

शेवटी कोटिंग पूर्ण वाळल्यावर पाइपांची तोंडे बंद करून एक-दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालच्या घरातून छत पाहत राहा. ठेकेदाराचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्या. एक सावधगिरी मात्र पाळाच : छताचे प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर पाणी साठवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर नुसते प्लास्टर मारणे धोक्याचे आहे.

खर्चाबद्दल : महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती आणि पावसाची गळती थांबवणे हा संस्थेचा खर्च आहे, शेवटच्या मजल्यावरच्या सभासदाचा नाही.

प्रश्न (राजापूर) : जांभ्याच्या भिंतींचे, मंगलोरी कौलांचे घर आहे. दरवर्षी फुटकी कौले बदलतो, तरी दोन पाखे (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात त्या कोपऱ्यात गळतेच. पश्चिमेची भिंतही आतून ओली होते.

उत्तर : कोपऱ्यात कौले बदलून उपयोग होणार नाही. तिथली पन्हळ पाहा. दोन्ही पाखांचे पाणी त्या एका पत्र्यावर येते. त्यात आंब्या-फणसाचा पाला कुजला की पाणी तुंबते आणि पत्र्याच्या कडेवरून आत उतरते. दोन्ही बाजूंची कौले काढून पन्हळ घासून साफ करा. भर दुपारी माळ्यावर अंधार करून वर पाहा. उजेडाचा ठिपका दिसला की पत्रा तिथे गंजला आहे. नवा पत्रा दीड फूट तरी रुंद घ्या, त्याच्या दोन्ही कडा वर आत वळवून घडी करा आणि कौले दोन्ही बाजूंनी चार-चार इंच पत्र्यावर येऊ द्या. पत्र्यांचा जोड सहा इंचांचा, वरचा पत्रा खालच्यावर.

पाख मध्येच खाली बसल्यासारखा दिसत असेल, तर दोष कौलांचा नसून कुजलेल्या रिपेचा किंवा वाशाचा आहे. ते लाकूड बदलल्याशिवाय शाकारणी टिकत नाही. मोभाच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांचे सांधे नुसत्या कडक सिमेंटने भरू नका, लाकूड हलले की ते तडकतात. १ भाग सिमेंट, १ भाग चुना आणि ६ भाग वाळू असा माल वापरा. वर चढणाऱ्याने कौलांवर थेट पाय न देता फळी टाकावी, नाहीतर जितकी कौले बदलली तितकीच नव्याने फुटतात.

पश्चिमेच्या भिंतीवर झड थेट बसते आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी आतवर पोहोचते. माडाच्या झावळ्यांचे झाप लावण्याची जुनी रीत अगदी बरोबर आहे, कारण झाप आणि भिंत यांत हवा खेळते. प्लास्टिक वापरायचे तर वळचणीखाली आडवा बांबू बांधून ते भिंतीपासून सहा इंच दूर सोडा आणि खालची बाजू मोकळी ठेवा. भिंतीला चिकटवलेल्या प्लास्टिकमागे ती सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. आतून ऑइल पेंट तर मुळीच लावू नका, तो प्लास्टरसकट सुटून येतो. पागोळ्यांचे पाणी उडून भिंतीचा पाया भिजत असेल, तर तीन फूट रुंद चिऱ्यांची पट्टी करा आणि तिला बाहेरच्या बाजूला फुटाला अर्धा इंच उतार द्या.

प्रश्न (पुणे) : वाऱ्यासह पाऊस आला की सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाणी खोलीत येते. कडेला सिलिकॉन भरले तरी थांबत नाही.

उत्तर : सिलिकॉनने पाणी बाहेर जायची भोके तर बुजली नाहीत ना, हे आधी बघा. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी शिरणारच, ते बाहेर काढण्यासाठी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला भोके असतात. जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते लगेच बाहेर वाहून गेले पाहिजे. सिलिकॉन लावायचे ते चौकट आणि भिंत यांच्या फटीत, बाहेरच्या बाजूने. त्याआधी जुने सिलिकॉन सुरीने पूर्ण खरवडा आणि जागा कोरडी करा, जुन्यावर नवे धरत नाही.

प्रश्न (सांगली) : न्हाणीघरालगतच्या छतावर डाग आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पावसाचा आहे.

उत्तर : डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, तारीख लिहा आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला पाहा. वळीवही झालेला नसताना डाग रेघेबाहेर गेला, तर पाणी वरच्या घरातले आहे : नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालचा भाग, त्याभोवतीची फट, फरशीचे सांधे किंवा नळाची लाइन. वरच्या नहाणीत तोंड बंद करून रंगीत पाणी काही तास साठवा. रंग खाली उतरला तर फरशी किंवा ट्रॅप दोषी. डाग चोवीस तास सारख्याच वेगाने वाढत असेल, तर नळाच्या लाइनवर संशय घ्या.

प्रश्न (ठाणे) : काहीच केले नाही आणि पाऊस सुरू झाला तर?

उत्तर : रंग आणि प्लास्टर पुढे ढकला, ओल्या भिंतीवर पैसे फुकट जातील. पाइपांची तोंडे दर आठवड्याला साफ करा, गळक्या भागावर ताडपत्री कठड्यावरून बाहेर सोडून बांधा. ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा. बटण दाबूनही पुरवठा तुटला नाही तर ते त्याच दिवशी बदला.