कावासाकी आजारात सीआरपी, ईएसआर वाढलेलं असेल तर हृदयाच्या धमन्या बिघडतातच का?

तुमचा मुलगा २ वर्षांचा आहे. तापाच्या सहाव्या दिवशी सीआरपी ११२ आणि ईएसआर ७८ आला (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), कावासाकी आजाराचं, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह आणणाऱ्या तापाच्या आजाराचं, निदान झालं, आठव्या दिवशी आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीजचं औषध) दिलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पहिला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला. आता आठवड्याभरानंतर सीआरपी १४ वर आलाय, पण ईएसआर ९५ झालाय आणि प्लेटलेट्स ७ लाख २० हजार. आतला दाह वाढतोय का, आणि सीआरपी एवढा वर गेला होता म्हणजे आता धमन्या बिघडणारच का, असं तुम्ही विचारलंय.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि कावासाकीची मुलं नेहमी पाहते. आधी ईएसआरचं सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते.

ईएसआरमध्ये रक्त एका उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. लाल पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एरवी एकमेकींपासून दूर राहतात आणि सावकाश बसतात. रक्तात फायब्रिनोजेन किंवा इम्युनोग्लोब्युलिन ही प्रोटीन्स वाढली की पेशी एकमेकींना चिकटून त्यांची चळत बनते आणि ती भरभर खाली येते. आता तुमच्या मुलाला काय दिलंय ते बघा. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिनच. डोस असतो किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाच्या शिरेतून एका बैठकीत २४ ग्रॅम प्रोटीन आत गेलं. ते पुढचे काही आठवडे रक्तात राहतं आणि तोवर ईएसआर वरच दिसतो. आजारात हिमोग्लोबिन थोडं उतरलं असेल तर त्यानेही आकडा आणखी फुगतो. म्हणून आयव्हीआयजी दिल्यावर औषध लागू पडलं की नाही हे ईएसआरवरून ठरवत नाहीत. त्या ९५ ची काळजी सोडा. खरं तर ती तपासणी या टप्प्यावर करायलाच नको होती, उगाच घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

प्लेटलेट्सचंही तसंच. कावासाकीत त्या दुसऱ्या आठवड्यात चढायला लागतात, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतात आणि मग आपोआप उतरतात. काही मुलांमध्ये १० लाखांच्या पुढे जातात. तुमच्या मुलाचा पंधरावा-सोळावा दिवस चालू आहे, म्हणजे त्या वेळेवरच वाढल्या आहेत. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कमी डोसमधलं अ‍ॅस्पिरिन याचसाठी चालू ठेवलेलं असतं.

सीआरपीकडे मात्र लक्ष द्यायचं. हे प्रोटीन यकृतात तयार होतं आणि शरीरात दाह असेल तेव्हा इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रोटीनच्या इशाऱ्यावर काही तासांत वाढतं. त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं असल्याने दाह थांबला की ते झपाट्याने उतरतं, आणि बाहेरून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा त्यावर परिणाम होत नाही. ११२ वरून १४ ही उतरण चांगली आहे. पण ५ च्या आत अजून आलेलं नाही, म्हणजे थोडा दाह शिल्लक आहे. ताप नाही, मूल खातंय-खेळतंय, तर यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पुढच्या इकोच्या वेळी सीआरपी आणखी एकदा करायला मी सांगितलं असतं.

सीआरपीचं युनिट बघितलंत का? बऱ्याच लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आकडा देतात, आणि कावासाकीवरचं बरंचसं लिखाण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतं. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणून तुमचे ११२ म्हणजे त्या लिखाणातले ११.२. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कोबायाशी स्कोअरमध्ये सीआरपी १० किंवा जास्त असेल तर एक गुण देतात; ते १० डेसिलिटरमधले आहेत. एखाद्याने ११२ आणि १० समोरासमोर ठेवले तर आपलं मूल मर्यादेच्या अकरा पट वर आहे असं वाटून हातपाय गळतील. तुमचा मुलगा त्या मर्यादेच्या किंचित वर होता, एवढंच.

आणि त्या स्कोअरचा हेतूही वेगळा आहे. कोणत्या मुलाला आयव्हीआयजीचा पहिला डोस पुरणार नाही याचा अंदाज बांधायला तो तयार केला. त्यात सीआरपी एकटा नसतो. सोडियम १३३ किंवा कमी, यकृताचं एएसटी १०० किंवा जास्त, न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्के किंवा जास्त, प्लेटलेट्स ३ लाख किंवा कमी, वय वर्षभराच्या आत, आणि उपचार चौथ्या दिवशी किंवा त्याआधी सुरू, हे सगळं धरून गुण मोजतात. जपानी मुलांमध्ये तो चांगला चालला, इतर देशांतल्या मुलांमध्ये तितका नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. ज्यांच्या धमन्यांना फुगवटा आला अशा मुलांचा गट आणि ज्यांना आला नाही त्यांचा गट शेजारी ठेवला, तर पहिल्या गटात सीआरपी सरासरीने जास्त आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी आढळतं. संबंध आहेच, तो मी नाकारत नाही. पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका मुलाचा आकडा बघून तो कोणत्या गटात जाणार हे सांगता येत नाही. सीआरपी २०० च्या वर जाऊनही धमन्या शेवटपर्यंत व्यवस्थित राहिलेली मुलं आहेत. आणि ७०-८० च्या पुढे कधी न गेलेल्या तान्ह्या बाळांच्या धमन्यांना मोठे फुगवटे आलेलेही पाहिले आहेत.

असं होण्याचं कारण आजाराच्या चालीत आहे. सीआरपी म्हणजे सबंध शरीरातल्या दाहाची बेरीज. त्वचा, डोळे, गाठी, सांधे, यकृत, सगळं त्यात आलं. हृदयाच्या धमनीची भिंत त्यातला अगदी छोटा भाग. पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी त्या भिंतीत शिरतात, त्यांच्या विकरांमुळे भिंतीतला लवचीक थर तुटतो, आणि थर तुटला की रक्ताच्या दाबाने धमनी फुगते. किती फुगेल हे थर किती तुटला आणि दाह किती दिवस चालला यावर ठरतं. सीआरपी पहिल्या आठवड्यात शिखरावर असतो आणि धमनीचा आकार वाढत राहिला तर पुढचे चार-सहा आठवडे वाढू शकतो. एकाचा आकडा उतरत असताना दुसऱ्याचा चढत असू शकतो.

डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी असं पहिलं मूल १९६१ साली पाहिलं आणि १९६७ साली ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीला हा आपोआप बरा होणारा आजार वाटला होता. मुलं बरी होऊन घरी गेली आणि त्यांतली काही नंतर अचानक दगावली, तेव्हा शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांचं नुकसान दिसलं. ईएसआर तेव्हाही होत असे, पण धमनीत डोकावायला इको हाताशी नव्हता.

मग या रक्ततपासण्या कशासाठी? माझ्या मते त्यांचं खरं मोल निदानाआधी आहे, आणि याबद्दल मी जरा तळमळीने लिहिते आहे. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत गाठ, अशी सगळी लक्षणं एकत्र दिसली तर कोणीही ओळखेल. पण काही मुलांमध्ये दोन किंवा तीनच दिसतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये तर कधी कधी निव्वळ ताप आणि चिडचिड. अँटिबायोटिक बदलत राहतात आणि दिवस निघून जातात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात अशा मुलांसाठी उंबरठा दिलाय: पाच दिवस किंवा जास्त ताप, दोन-तीन लक्षणं, आणि सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (म्हणजे लॅबच्या भाषेत ३०) किंवा ईएसआर ४० च्या वर, की अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, यकृताचं एएलटी, पांढऱ्या पेशी, लघवीतल्या पेशी बघायच्या आणि इको करायचा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि कारण न सापडता सात दिवस ताप असेल, तर एकही लक्षण नसताना हे करायचं. उपचार न झालेल्या साधारण दर चार मुलांमागे एकाला धमनीचा फुगवटा येतो. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी मिळालं तर हे प्रमाण चार-पाच टक्क्यांपर्यंत खाली येतं. एका साध्या सीआरपीमुळे योग्य दिवशी इको झाला, तर त्या तपासणीने आपलं काम केलं.

तुमच्या मुलाचं ते काम झालंय. आता विचारायचं ते इकोला. उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांनी दुसरा आणि चार ते सहा आठवड्यांनी तिसरा इको ठरलेला असतो; तुमचा दुसरा याच आठवड्यात व्हायला हवा. रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहून घेऊ नका, डाव्या आणि उजव्या धमनीचं माप आणि झेड स्कोअर मागा. झेड स्कोअर म्हणजे त्या अंगलटीच्या मुलाच्या मानाने धमनी किती रुंद आहे ते. २ च्या आत असेल तर ठीक, २ ते २.५ म्हणजे किंचित रुंदावलेली, २.५ पासून छोटा फुगवटा, ५ पासून मध्यम, आणि १० किंवा त्यापुढे मोठा. पहिल्या इकोत १.८ आणि दुसऱ्यात ०.७ आला, तर दोन्ही 'नॉर्मल'च. पण पहिल्या वेळी धमनी थोडी ताणली होती हे त्यातून कळतं.

तुम्ही एचएस-सीआरपीचा (सीआरपी अगदी कमी पातळीवरही मोजणाऱ्या तपासणीचा) तक्ता वाचून '३ च्या वर म्हणजे हृदयाला धोका' असंही लिहिलंय. तो तक्ता बरं असलेल्या प्रौढ माणसांसाठी आहे, धमनीत वर्षानुवर्षं साचणाऱ्या चरबीच्या थरांबाबत. तापातून उठलेल्या २ वर्षांच्या मुलाला तो लावू नका.

ताप पुन्हा आला तर मात्र थांबू नका. आयव्हीआयजी संपून ३६ तास झाल्यावरही ताप असला किंवा परत आला, तर पहिला डोस पुरलेला नाही असं धरतात, आणि दुसरा डोस, स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब हे दाह कमी करणारं औषध यांचा विचार होतो. तुमच्या मुलाची ती वेळ निघून गेली आहे, तरी पुढचे काही आठवडे ताप आला तर थर्मामीटरने मोजून लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अ‍ॅस्पिरिन चालू असताना आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका, त्याने अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी होतो. घरात किंवा पाळणाघरात कांजिण्या किंवा फ्लू निघाला तरी लगेच फोन करा, कारण त्यात अ‍ॅस्पिरिन थांबवायचं की नाही हे ठरवावं लागतं. आणि लसींचं वेळापत्रक बदलून घ्या: गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीनंतर ११ महिने पुढे ढकलतात, नाहीतर आतल्या अँटिबॉडीज ती लागू पडू देत नाहीत.