ज्या देशाशी आपलं वैर आहे, त्या देशाच्या माणसासोबत जेवायला बसावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कंपनीत मशीन उभारायला एक चिनी इंजिनिअर महिनाभरासाठी येतोय, खात्यातल्या चार-पाच जणांनी ‘कँटीनमध्ये त्याच्या टेबलाला बसायचं नाही’ असं ठरवलंय, तर तुम्ही काय करावं. बसा. मला यात दुसरी बाजू दिसत नाही. खाली जे लांबलचक लिहितोय ते तुमच्यापेक्षा आमच्या दाजींसाठी जास्त आहे, कारण हाच वाद आमच्या घरात २०१७ पासून चालू आहे.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचो. त्या वर्षी मालकांनी जुने माग भंगारात काढले आणि आठ चिनी रेपिअर माग घेतले. ते बसवून द्यायला मशीनवाल्यांनी एक माणूस पाठवला. पन्नाशीचा, बुटका, बोटं आपल्या जॉबरसारखीच (माग लावून-दुरुस्त करून देणारा कारागीर) टोकाला चपटी आणि नखांत काळं तेल. इंग्रजीचा गंध नाही. तो मोबाइलशी चिनीत बोलायचा आणि मोबाइल आमच्याशी हिंदीत, तेही उलटंसुलटं. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यानंच सांगितलं, ‘शीफू’ म्हणा. आपण वस्ताद किंवा मिस्त्री म्हणतो, तसं त्यांच्याकडे हाताखालून काम गेलेल्या कारागिराला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून झाडूवाल्यापासून मालकांपर्यंत सगळे शीफूच म्हणायला लागले.

तो आला जुलैच्या सुरुवातीला. डोकलामचं प्रकरण जूनच्या मध्याला पेटलेलं, भूतानच्या सीमेवर भारत-चीनची सैन्यं समोरासमोर उभी, टीव्हीवर रोज रात्री युद्ध सुरू. ज्या लॉजवर त्याची सोय केली होती तिथला मालक चौथ्या दिवशी म्हणाला, खोली रिकामी करा. का, तर परदेशी माणसाचा सी फॉर्म भरावा लागतो, कटकट नको. फॉर्म पहिल्याच दिवशी भरला होता, माझ्यासमोर. जरा टोकल्यावर खरं बोलला, ‘पोरं काचा फोडतील साहेब.’ शीफू बाहेर पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसलेला. त्याला काही विचारावं लागलं नाही आणि मला काही सांगावं लागलं नाही. मालकांनी कारखान्यातली माळ्यावरची खोली झाडून घेतली आणि तो पुढे तिथंच राहिला.

पहिला आठवडा तो केटलमध्ये शेवया उकडून एकटाच खायचा. मग आमच्या जॉबरनं आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं चटणीतला एक भरडा कण बोटावर घेतला, पाहिला आणि मोठ्यांदा हसला. फोन काढून फोटो दाखवला: त्याचा बाप शेतात उकिडवा बसलेला आणि शेजारी उपटून उलटे घातलेले भुईमुगाचे वेल, आपल्याकडे घालतात तस्से. शानडोंग प्रांतात शेंगा अमाप पिकतात हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर त्याला रोज कुणाच्या ना कुणाच्या डब्यातली चटणी मिळायची.

कामाला माणूस सोन्यासारखा. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, असतात, एक खालच्या कापडाच्या ताण्याचा आणि दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फुलाचा. पाइलचा ताण बिघडला की सगळा माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, जातो. सहा नंबरच्या मागावर फूल एका कडेला उंच आणि दुसऱ्या कडेला बसकं येत होतं. कंपनीच्या पुस्तकातलं सगळं करून झालं. शीफू तीन रात्री त्या मागाखाली झोपला म्हटलं तरी चालेल. हाताची पालथी बाजू ताण्यावरून फिरवत राहायचा, आपण तापलेल्या लेकराचं कपाळ बघतो तशी. शेवटी त्यानं वाटीत पाणी घेऊन ती फ्रेमवर ठेवली. फरशीच केसभर उतरती होती. पत्र्याची पट्टी कापून पायाखाली सारली आणि माग सरळ चालायला लागला. ती पट्टी आमच्याच भंगारातली होती, तिचं बिल नाही लावलं.

एका रविवारी त्याला भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात नेलं. आम्हा सोलापूरकरांना हे सांगायला लागत नाही, पण तुम्ही कुठले ठाऊक नाही म्हणून लिहितो. जपाननं चीनवर हल्ला केला, त्यानंतर १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडे धाडलं, त्यात आमचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, तिथल्या बाईशी लग्न केलं, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं केली आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथंच गेले. वय ३२. शीफूला नाव माहीत होतं, ते लोक ‘के दिहुआ’ म्हणतात. पुतळ्यासमोर त्यानं टोपी काढली आणि तीनदा कमरेतून वाकला. मग फोनमध्ये काहीतरी बोलून फोन माझ्यापुढे धरला. फोन म्हणाला, ‘इनकी माँ को कब पता चला?’

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं त्या चौकातून जातोय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गणपती त्या वर्षी २५ ऑगस्टला बसले. मी शीफूला घरी जेवायला बोलावलं. अक्का आणि दाजी दरवर्षी येतात तसे बार्शीहून आलेले. पानं मांडली, बायको मोदक वाढायला आली आणि दाजी पाटावरून उठले. ‘ह्याच्या पंक्तीला मी बसणार नाही.’ एवढंच बोलले, पण उभ्यानं, आणि गणपतीसमोर. अक्का रडायला लागली. पोरं गप्प.

दाजींचा राग टीव्हीवरून आलेला नव्हता, हे मला आधीच माहीत होतं. त्यांचे सख्खे चुलते सैन्यात होते. ६२ सालच्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, गेले, मागून तार आली ती ‘बेपत्ता’ अशी. मेले अशी तार कधीच आली नाही. चुलतीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. दारात पोस्टमन आला की ती हातातलं काम टाकून उठायची, हे दाजींनी लहानपणी रोज पाहिलेलं, कारण ते तिच्याच मांडीवर वाढले.

मी तरी बोललोच. ‘दाजी, ह्याचा ६२ला जन्म तरी झाला होता का?’ दाजी म्हणाले, ‘त्याचा नसेल. सरकार तेच आहे ना?’

त्या दिवशी माझ्याकडे जवाब नव्हता. आज आहे, म्हणून लिहितो. सरकार तेच आहे, कबूल. पक्ष तोच, झेंडा तोच. पण ते शीफूनं निवडलेलं नाही. तिथं मत देऊन सरकार उलथवता येत नाही. आपण दर पाच वर्षांनी बोटाला शाई लावून घेतो आणि तरी आपल्या सरकारच्या प्रत्येक करणीचा जाब आपल्याला विचारलेला आवडत नाही. ‘मी कुठं त्यांना मत दिलं’ म्हणून मोकळे होतो. मग ज्याला शाईच लागत नाही त्याच्या ताटाकडे बघून हिशेब मागायचा, हा कुठला न्याय? त्याच्या सरकारला बार्शीच्या कुणा माणसानं पाट सोडला हे कळलं का? कळलं फक्त शीफूला.

आणि त्याला कळलंच. त्यानं मोदक ताटातच ठेवला, गणपतीला हात जोडले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी त्याला गाडीवरून कारखान्यात सोडायला निघालो. सात रस्त्याच्या सिग्नलला त्यानं मागून फोन पुढे केला. ‘आपके घर का कोई लड़ाई में गया?’ मी होकारार्थी मान हलवली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो कारखाना येईपर्यंत काढला नाही. तीन दिवसांनी, २८ तारखेला, दोन्ही सैन्यं डोकलाममधून मागे आली. सप्टेंबरात शीफू परत गेला.

वाद मिटला नाही. नंतर मी वाचायला लागलो, मुख्यतः दाजींना हरवायला, आणि ६२ सालचं जे सापडलं त्यानं माझीच झोप उडाली. त्या युद्धात आपण आपल्याच देशात राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं (आपल्या वर्ध्याकडची देवळी नव्हे). आसामातल्या माकुमसारख्या गावांतले सुतार, दुकानदार, बायका, तान्ही पोरं. कित्येकांनी चीन डोळ्यांनी पाहिला नव्हता, घरात आसामी बोलायचे. युद्ध महिनाभरात संपलं, पण काही जण १९६७ पर्यंत आत होते. बाहेर आले तेव्हा घरंदारं राहिली नव्हती. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, ‘लढाई चालू असताना सरकारनं काय करायला पाहिजे होतं?’ मी म्हणतो, हेरगिरीचा संशय ज्याच्यावर आहे त्याला धरा, पुरावा द्या. पाळण्यातल्या पोराला कशाला? त्या छावणीनं दाजींचे चुलते परत आले का?

पुढे तर पासपोर्टचीही गरज उरत नाही, नाकडोळे पुरतात. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आणि आपल्या मुंबईत मणिपुरी मुलींवर लोक थुंकले, ‘कोरोना’ म्हणून. त्या मुली भारताच्याच नागरिक.

आता जे सांगतो ते दाजींनाही माहीत नाही. १५ जून २०२०च्या रात्री गलवान झालं, लडाखच्या सीमेवर चिनी सैन्याशी झटापट, आपले २० जवान गेले. त्यातल्या कर्नल संतोष बाबूंना तेलंगणात सूर्यापेठला शेवटचा निरोप दिला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. आमच्या जॉबरचं मूळ गाव त्याच भागातलं, तो लेकरासारखा रडला. दाजींचा फोन आला, ‘आता बोल.’ मी काही बोललो नाही. त्याच दिवशी रात्री वीचॅटवर (आपल्या व्हॉट्सॲपसारखं चिनी ॲप) शीफूचा निरोप आला होता. करोनाचं सुरू होतं ना, म्हणून विचारलं होतं: सगळे बरे आहात का, आणि सहा नंबर नीट चालतोय का.

मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. मनात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसानं माझ्या मागाखाली तीन रात्री काढल्या त्याच्याबद्दल ते आलं, नथीवरच्या मोत्याएवढंही त्याचं त्यात काही नसताना. दोन दिवसांनी उत्तर देऊ, आठवड्यानं देऊ, असं करत राहिलो. २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात वीचॅट होतं. पुढच्या महिन्यात माझ्या फोनवर ते उघडेनासं झालं. माझ्याकडे त्याचा दुसरा काही पत्ता नव्हता. दाजी निदान तोंडावर उठले आणि त्यांच्यामागे चुलतीचं कुंकू होतं. माझ्यामागे काय होतं?

त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांना मी शिव्या घालणार नाही. पण त्यांचं चुकतंय. त्यांना विचारा की न जेवल्यानं बीजिंगमध्ये कुणाचं काय अडणार आहे. चिनी माल नको असेल तर खुशाल घेऊ नका. त्याचा धक्का कंपनीला तरी लागतो. पण मशीन त्यांचं घ्यायचं, त्याचं प्रॉडक्शन काढायचं, इन्सेंटिव्ह खिशात घालायचा आणि राग मात्र पाना घेऊन आलेल्या माणसावर काढायचा, याला देशप्रेम म्हणू नका.

काही गोष्टी मात्र पाळा. सीमा, तिबेट, तैवान हे विषय तुमच्याकडून काढू नका; तो मोकळेपणानं बोलू शकत नाही आणि घरी परत जायचंय त्याला. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कंपनीचे ड्रॉइंग, पासवर्ड, पेन ड्राइव्ह यांबाबतीत जो नियम बाहेरच्या कुणालाही आहे तोच त्याला. मैत्री म्हणून ढिलाई नको. आणि तोच माणूस उद्या कँटीनमध्ये बसून आपले जवान मेले ते बरं झालं म्हणाला, तर उठा टेबलावरून. तेव्हा तो स्वतःच्या तोंडानं बोललेला असेल. तसंच तुमच्या खात्यात कुणाच्या घरचं माणूस सीमेवर गेलेलं असेल, तर त्याला बसायचा आग्रह करू नका, समजावूही नका. त्या गणपतीला मी दाजींना आधी सांगायला हवं होतं की असा पाहुणा येणार आहे. नाही सांगितलं, ही माझी चूक, आणि ती मी अक्कापाशी कबूल केलीय.

थंड पाणी देऊ नका, ते लोक गरम पितात. थर्मास भरून टेबलावर ठेवा. दुधाचा चहा बहुधा नाही आवडणार. पहिल्या दिवशी तुम्ही एकटे बसलात तरी चालेल, आमच्याकडेही आधी फक्त जॉबर बसला होता.

आणि जायच्या आधी त्याचा घरचा पत्ता आणि ईमेल कागदावर लिहून घ्या, त्याच्याच अक्षरात. ॲपच्या भरवशावर राहू नका.