रॅम्पआधी मांजरपाट

नागपूर

प्रिय पोरी,

फॅशन डिझाइन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तुझं नाव आलं, अभिनंदन. स्केचेस सावकाश पाहिली. संत्रं, वाघ किंवा झिरो माइलचा खांब या नागपुरी खुणांतलं काही घेतलं नाहीस हे फार बरं केलंस. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये ही त्रिमूर्ती इतकी येते की फाइल उघडायच्या आधीच परीक्षकांना वास लागतो. तू करवत काठी टसर, म्हणजे करवतीसारख्या दातेरी काठाचं टसर रेशीम, निवडलंस. कापड आपल्याच भागातलं आहे, पण तुझ्या चित्रांत त्याचा फक्त रंग दिसतो. ते कापड म्हणून कसं वागतं हे कुठेच दिसत नाही.

करवत काठी पारंपरिक पद्धतीने विणताना तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारे शटल, चालतात. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवत नेला की सांध्यावर करवतीसारखे दाते उठतात. विणकराची खरी मेहनत त्या सांध्यात असते. तुझ्या दुसऱ्या गाऊनमध्ये नेमका तोच सांधा बाजूच्या शिलाईत गाडला गेलाय. तो बाहेर काढ.

दुसरं, तो अंब्रेला घेर. काठ कापडाच्या कडेने, उभ्या धाग्याला धरून सरळ जातो आणि तुझा घेर गोल आहे. सरळ काठ गोलाईला बसत नाही. बळेच बसवलास तर चुण्या पडतील, नाहीतर काठ कापून तुकडे जोडावे लागतील. त्यापेक्षा कापड आडवं लाव, काठ आपोआप खाली येईल, आणि घेर कमरेतल्या प्लेट्समधून काढ. आडवं लावल्यावर कापडाचा पडाव, म्हणजे अंगावर झुलण्याची ढब, बदलतो, तेवढं ताडून बघ. उरेब, म्हणजे तिरका, कट तर या कापडात नकोच. काठाची रेघ तिरपी पळते आणि नासाडी होते ती वेगळी.

टसरला कात्री लावण्याआधी सगळं मांजरपाटात, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडात, शिवून बघायचं. ‘वेळ नाही’ हे कारण मला सांगू नकोस. मुंढा (बाहीचा जोड) कुठे ओढतो, टक (फिटिंगची चुणी) कुठे संपायला हवा, बसल्यावर पोटावर काय होतं, हे कागदावर कळत नाही. कच्ची शिलाई घाल, कुणालातरी घालायला दे, जिना चढायला लाव. फक्त मांजरपाट टसरपेक्षा वेगळा पडतो हे ध्यानात ठेव. त्यातून फिटिंग कळेल, लय नाही. काठ सुती असेल तर काठ आणि अंग पाण्यात सारखे वागतीलच असं नाही. म्हणून हातभर तुकडा मोजून घे, धू, वाळव, इस्त्री कर आणि पुन्हा मोज.

जमलं तर भंडारा जिल्ह्यात आंधळगावला जाऊन ये आणि चालू माग बघ. इथल्या इतवारीच्या किंवा गांधीबागेच्या बाजारात ताका मिळतो, पण काठ किती रुंद हवा हे विणकराशीच बोलता येतं. तो सांगेल ती मुदत आधी धर, तुझं वेळापत्रक नंतर. मजुरीत घासाघीस करून पुन्हा रॅम्पवर ‘कारागिरांना समर्पित’ म्हणणारे डिझायनर मला मुळीच आवडत नाहीत.

तुझ्या निवेदनात एक घोळ आहे. एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटा, 1877 आणि करवत काठी हे सगळं तू एकाच परिच्छेदात बसवलंस. एम्प्रेस ही गिरणी होती आणि तुझं कापड हातमागाचं आहे. जाणता परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल. तो परिच्छेद काढ. त्याऐवजी कापड कुणी विणलं, किती दिवस लागले आणि एका कपड्याचा खर्च किती आला, हे तोंडपाठ ठेव. किंमत विचारल्यावर अर्धी मुलं छताकडे बघतात.

परीक्षक कपडा उलटा करून बघतात, हे मी किती वेळा सांगितलं असेल! अस्तर, तुरपाई, शिलाईच्या आतला दाब (सोडलेलं जादा कापड), सगळं हाताला लागतं. मॉडेल बहुधा ऐनवेळी मिळते, म्हणून बाजूच्या शिलाईत इंचभर दाब सोड. लांबी तिच्या सँडलवर ठरव. मागे बारीक बटणांची रांग काढली आहेस तिथे चेन लाव, कपडे बदलायला मिनिटंच असतात.

हरण्याजिंकण्याबद्दल फार लिहीत नाही. 1954 साली पॅरिसला लोकरीच्या कपड्यांची एक स्पर्धा झाली होती. ड्रेससाठी इव्ह सेंट लॉरां आणि कोटासाठी कार्ल लागरफेल्ड, या पुढे जगप्रसिद्ध डिझायनर झालेल्या दोघांना, बक्षीस मिळालं. परीक्षकांत फ्रेंच डिझायनर पिएर बाल्मां होते आणि त्यांनी लागरफेल्डला आपल्याकडे मदतनीस म्हणून घेतलं. म्हणून निकाल लागल्यावर लगेच गाडीत बसू नकोस. परीक्षकांच्या हातात कपडा दे आणि काय खटकलं ते विचार.

राहिला प्रवेश अर्ज. डिझाइनचे हक्क कुणाकडे जातात, कपडे परत मिळणार का आणि फोटो कोण वापरणार, ही कलमं नीट वाच. एखाद्या आकृतीची डिझाइन कायद्याखाली नोंदणी करायचा विचार असेल, तर अर्ज रॅम्पच्या आधी करावा लागतो. एकदा लोकांसमोर आलेलं डिझाइन नवं मानलं जात नाही. अर्जाच्या सगळ्या पानांचे फोटो मला आज रात्रीच पाठव, आणि माझा फोन येईपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
बाई