गावाकडचा कॅमेरा परगावाहून कसा पाहायचा?

प्रश्न : गावच्या घरी वायफाय कॅमेरा बसवला आहे. घरात असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० टाकलं की चित्र दिसतं, पुण्यात काहीच उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून राउटरवर दिसणारा आयपी वापरला, तरी तेच. कुठे चुकतंय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. बाहेरून तो टाकणं म्हणजे पाकिटावर नुसतं ‘माजघर’ लिहून पत्र पेटीत टाकणं. हे तुमच्या ध्यानात आलेलं दिसतं, कारण पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरातल्या यंत्राकडे वळवण्याचं, पुढचं पाऊल तुम्ही बरोबर टाकलंत. तरी अडलं, तर बहुधा चूक तुमची नाही.

राउटरच्या स्टेटस पानावरचा ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहून घ्या. मग घरच्याच वायफायवरून आपला आयपी सांगणारी एखादी साइट उघडा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. वॅन आयपी १००ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७मधला असेल, तर नेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं तरी बाहेरची विनंती तुमच्यापर्यंत येतच नाही. वॅन आयपी १९२.१६८चा निघाला, तर फायबरची डबीही राउटरचं काम करते आहे. ती ब्रिज मोडवर, म्हणजे जोडणी नुसती राउटरकडे पुढे देण्याच्या कामावर, टाकून घ्या. कॅमेरा बाहेरून उघडतो का, ही तपासणी मात्र मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून घरचाच सार्वजनिक पत्ता बऱ्याच राउटरांत उघडत नाही.

सीजीनॅट असेल तर नेटवाल्याकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मिळतो का ते विचारा. मिळाला तरी ८० (वेबपानाचं) किंवा ५५४ (व्हिडिओचं) पोर्ट, म्हणजे दार, थेट कॅमेऱ्याकडे वळवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१६ साली मिराय या व्हायरसने असेच उघड्यावरचे, कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) ताब्यात घेऊन मोठमोठ्या साइट्स पाडल्या होत्या. ८०ऐवजी ८०८१ ठेवल्याने लपता येत नाही. पोर्ट चाचपणारे प्रोग्राम सगळीच दारं ठोठावतात.

त्यापेक्षा घरी वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे फोनपासून घरापर्यंतचा खासगी बोगदा, बसवा. राउटरमध्येच सोय असेल तर उत्तम, नाहीतर रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक पुरतो. बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० पोर्ट पायकडे वळवायचं. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तिथे काही आहे हेही कळत नाही. राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये पाय आणि कॅमेरा दोघांचे पत्ते पक्के करा. सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावा.

इथे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली : पुण्याच्या घरीही १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर फोन चिपळूणचा कॅमेरा पुण्याच्याच घरात शोधत बसतो. म्हणून गावची मालिका आधीच १९२.१६८.३७ अशी काहीतरी वेगळी करा, आणि फोनमधल्या वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये १९२.१६८.३७.०/२४ लिहा. दुसरी : बोगदा जोडला जातो, पाय दिसतो, पण कॅमेरा नाही. पायवर आयपी फॉरवर्डिंग (बोगद्यातली विनंती घरच्या जाळ्यात पुढे देणं) किंवा मास्करेड (ती पायच्याच पत्त्याने पाठवणं) चालू करायचं राहिलेलं असतं. मास्करेड नसेल तर कॅमेऱ्याचं उत्तर राउटरकडे जातं, आणि राउटरला बोगद्याचा रस्ता माहीत नसतो.

स्टॅटिक आयपी मिळतच नसेल तर टेलस्केलसारखी सेवा वापरा. तिथे घरचं यंत्र स्वतः बाहेर जोडणी करतं, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. पायला ‘सबनेट राउटर’, म्हणजे घरातल्या बाकी यंत्रांकडे नेणारा दुवा, करून घरची मालिका जाहीर करा, आणि सेवेच्या अ‍ॅडमिन पानावर जाऊन तिला मंजुरी द्या. ही मंजुरीच लोक विसरतात. क्यूआर कोडने जोडायचं कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅपही याच तत्त्वावर चालतं. सोपं आहे, पण विश्वास कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. ते वापरत असाल तर निदान दुहेरी पडताळणी चालू ठेवा.

प्रश्न : कॅमेरा बाहेरून दिसतो, पण चित्र अडखळतं. प्लॅन तर ४० एमबीपीएसचा आहे.
– एक वाचिका, कुडाळ

उत्तर : इथे अपलोडचा वेग मोजायचा, तो डाउनलोडइतकाच असेल असं नाही. १०८०पीच्या मुख्य स्ट्रीमला साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. ४ एमबीपीएसने दिवसभर पाहत राहिलात तर ४३ जीबी खर्ची पडतात. मोबाइलवर पाहायला सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र) निवडा : ६४० बाय ३६०, सेकंदाला १२ ते १५ फ्रेम, ५१२ केबीपीएस. उघडल्यावर चित्र यायलाच वेळ लागत असेल तर ‘आय-फ्रेम इंटरव्हल’ (दोन पूर्ण चौकटींमधलं अंतर) २ सेकंदांवर आणा. पूर्ण चौकट हाती येईपर्यंत फोन थांबून असतो.

एवढं करूनही अडखळलं, तर भिंतींकडे पाहा. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय फार पुढे जात नाही. अंगणातल्या कॅमेऱ्याला कॅट-६ केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती चालते. कॅमेरा पीओईचा असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते.

प्रश्न : लाइट गेली की सगळंच बंद पडतं. राउटरला छोटा यूपीएस पुरेल का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : एकट्या राउटरला देऊन उपयोग नाही. फायबरची डबी, राउटर, कॅमेरा आणि रास्पबेरी पाय वापरत असाल तर तोही, सगळे चालू राहिले तरच चित्र दिसेल. प्रत्येक अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. १२ व्होल्टची उपकरणं एकाच यूपीएसवर चालतात, मात्र त्यांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेच्या आत ठेवा. पायला ५ व्होल्ट लागतात, तो १२च्या तारेला चुकूनही लावू नका.