चित्र खरं, ओळ खोटी

प्रश्न : आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिचा जन्म इथलाच, परदेशातला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती माझ्या फोनवरून अधूनमधून लिहिते. दिवाळीत माझ्या सासऱ्यांनी एक फोटो पाठवला, ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाची भेट’. तिने सगळ्यांसमोर खाली लिहिलं, ‘फेक आहे, आजोबा.’ शाळेत त्यांना हे शिकवतात. तेव्हापासून सासरे ग्रुपवर गप्प आहेत. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘तिकडे मोठ्यांशी असंच बोलायला शिकवतात का?’ माझा नवरा म्हणतो, पोरीचं काय चुकलं? हे कमी म्हणून की काय, आता ती मराठी गोष्टींनाही नावं ठेवते. चिऊताई दुष्ट आहे म्हणे, काऊवर अन्याय झाला. तिचं मराठी वाचन आधीच जेमतेम, तेही सुटेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : आधी फोटोचं बघू, कारण ठिणगी तिथे पडली. आणि गंमत अशी, की त्यात आजोबा चुकले आहेत आणि नातही.

तो रंगीबेरंगी भारत दर दिवाळीला न चुकता येतो, माझ्याही फोनवर येतो. चित्र बनावट नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ साली उपग्रहांच्या माहितीवरून ते तयार केलं, वस्ती कशी वाढत गेली ते दाखवण्यासाठी. पांढरे ठिपके म्हणजे १९९२ च्या आधीपासून दिसणारे शहरांचे दिवे. निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मधले आणि लाल २००३ मधले. म्हणजे ती एका रात्रीची रोषणाई नव्हे, कित्येक वर्षांचा हिशेब आहे. शेवटी नासानेच २०१२ साली हा गैरसमज दूर केला. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरच्या रात्रीचा, ऐन दिवाळीतला उपग्रहाचा फोटो त्यांनी प्रसिद्ध केला आणि सोबत लिहिलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवणारही नाही.

तर चित्र खरं आणि त्याखालची ओळ खोटी. इंटरनेटवरच्या बऱ्याच थापा याच जातीच्या असतात. फोटो कुठला तरी असतो, साल कुठलं तरी, आणि मजकूर तिसऱ्याच कोणाचा. ‘फेक’ म्हणून मुलगी मोकळी झाली आणि त्या चित्रातली खरी, जास्त मजेची गोष्ट तिच्याही हातून निसटली. तिला शब्द शिकवलाय, काम अजून शिकायचं आहे. पुढच्या वेळी तिला विचारा, ‘बरं, हे जे सांगतायत ते नाही. मग हे आहे काय?’ या दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, म्हणून तो कोणी विचारत नाही.

आता आजोबा. त्यांना हे समजावायला नवं काही आणावं लागणार नाही, त्यांनी स्वतःच कधी तरी सांगितलेली गोष्ट पुरेल. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय. पहिला ठग म्हणतो, अहो, कुत्रा काय खांद्यावर घेतलात? ब्राह्मण हसून पुढे जातो. काही अंतरावर दुसरा तेच म्हणतो, तेव्हा तो बोकडाकडे निरखून बघतो. तिसऱ्याने म्हटल्यावर बोकड टाकून पळतो. ही गोष्ट आपण लहानपणी ‘ब्राह्मण भोळा होता’ एवढीच ऐकली. तो भोळा नव्हता हो! तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट सांगितली तर शहाण्या माणसाने काय मानावं? त्याचा तर्क ठीकच होता. त्याला एवढंच कळलं नाही, की तिघं एकमेकांना सामील आहेत.

सोसायटीचा ग्रुप, शाळासोबत्यांचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप या तिन्हीवर एकच मजकूर आला की आपल्याला तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. साक्षीदार एकच असतो, आणि तो कोण ते कोणालाच माहीत नसतं. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसली तर तो मूळ माणसापासून निदान पाच हातांतून फिरून आलेला आहे असं समजा. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो, तो यासाठीच.

तपासायचं कसं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळं दाखवली आणि यावर कितपत विश्वास ठेवाल, असं विचारलं. त्यात १० इतिहासकार होते, २५ विद्यार्थी आणि १० जण बातम्यांची तथ्यं तपासण्याचाच व्यवसाय करणारे. इतिहासकार आणि विद्यार्थी यांच्यातले बरेचसे ते पान बारकाईने वाचत बसले. पान नेटकं आहे का, भाषा कशी आहे, बोधचिन्ह भारदस्त आहे का, हे पाहत राहिले, आणि फसले. तपासनीस मात्र पान जेमतेम बघून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. त्यांना वेळही कमी लागला आणि उत्तरंही बरोबर आली.

याला इंग्रजीत भारी नाव आहे, पण सासऱ्यांना ते सांगू नका. त्यांना विचारा, ‘घरात स्थळ आलं तर आपण नुसती मुलाकडच्यांनी पाठवलेली पत्रिका वाचून होकार देतो का?’ नाही. चार ठिकाणी चौकशी करतो, आणि तीही त्याच्या मामाकडे करत नाही. बस, तेवढंच. अशी चौकशी मराठीतून वाचायची असेल तर फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या तथ्यं तपासणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर मराठी विभाग आहेत. फोटोच्या बाबतीत गूगल लेन्सवर तोच फोटो टाकून तो आधी कुठे, कधी आला होता ते बघता येतं. हे काम नातीला व्हिडिओ कॉलवर आजोबांना शिकवू दे. तिच्या शिकवण्यात धीर किती आहे तेही कळेल.

आता सासूबाईंचा प्रश्न. मोठ्यांची चूक लहानांनी दाखवूच नये, हे मला मान्य नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्यांतल्या पुष्कळांना आपण लोकांना सावधच करतोय असं वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. तेव्हा ‘जाऊ दे, आजोबांनीच पाठवलंय’ म्हणून गप्प बसण्याची सवय मुलीला लावू नका. दिवाळीच्या फोटोने कोणाचं नुकसान होत नाही. पण सवय फोटो बघून लागत नसते.

मात्र चूक सांगायची जागा चुकली. ग्रुप म्हणजे चावडी. तिथे नातीने टोकलं की आजोबांना ते पन्नास जणांसमोर लागतं. आणि जो माणूस अपमान गिळून बसतो, तो आपलं मत बदलत नाही, फक्त तुम्हाला सांगायचं थांबवतो. मुलीला एवढंच सांगा, की आजोबांना आधी एकट्याने फोन करायचा. आजोबांना चूक पटली तर ग्रुपवर दुरुस्ती त्यांची त्यांना करू द्यायची. आणि तुमच्यासाठी एक : व्हॉट्सॲपचं किमान वय १३ आहे. ती तुमच्या फोनवरून लिहिते, म्हणजे ते तुमचं लिहिणं. पाठवण्याआधी तुम्ही वाचायला हवं होतं.

चिऊ-काऊकडे येते. खरं सांगू? तुमच्या पत्रातला हा भाग वाचून मला आनंद झाला. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. काऊ भिजत दाराशी उभा, आणि आतून उत्तरं येतात : थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, तीट लावते. आपण ही गोष्ट घास भरवताना ऐकली, म्हणून कधी थांबून विचार केला नाही. तुमची मुलगी ती मोठेपणी, दुसऱ्या भाषेच्या अंगणातून ऐकतेय, म्हणून तिला दाराबाहेरचा काऊ दिसला. ‘काऊवर अन्याय झाला’ हे गोष्ट न आवडल्याचं लक्षण नाही, लक्ष देऊन वाचल्याचं आहे.

म्हणून गोष्ट बदलू नका, ओळी गाळू नका, लगेच चिऊताईची वकिलीही करू नका. पुष्कळ आईवडील हल्ली वाचता वाचताच गोष्ट सोज्वळ करून टाकतात. सावत्र आई चांगली होते, लांडगा शाकाहारी होतो. मुलांना ते बरोबर कळतं. त्यापेक्षा विचारा, ही गोष्ट कोण सांगतंय? काऊने सांगितली असती तर सुरुवात कुठून झाली असती? चिऊ घरात एकटी होती, बाळ लहान होतं, तिला भीती वाटली असेल का? मग तिला काऊच्या बाजूने पाच ओळी मराठीत लिहायला सांगा. चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. मत हिरिरीने मांडायचं असलं की भाषा आपोआप येते. शुद्धलेखनाच्या वहीने ती येत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

सगळंच वाचून दाखवा असंही मी म्हणणार नाही. एखाद्या जातीची, रंगाची, व्यंगाची टिंगल हाच ज्या गोष्टीचा गाभा आहे, ती मी बाजूला ठेवते. तिच्यात विचारण्यासारखं काही उरत नाही.

वाचायला काय द्यायचं? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जुन्या अंकांत मुलं-मुली, गाव-शहर कसं रंगवलंय हे आजच्या अंकाशेजारी ठेवून बघणं हाच एक खेळ होतो. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या. तिथल्या गोष्टीला लेखक असतो, चित्रकार असतो, अनुवादक असेल तर त्याचंही नाव असतं. मुलीला ते पान आधी उघडायला सांगा. मग यूट्यूबवरची एखादी ‘मराठी गोष्ट’ लावा आणि तिथे ही नावं शोधायला सांगा. पुष्कळदा सापडणार नाहीत. कोणी सांगितली हेच माहीत नसलेली गोष्ट, आणि कोणी पाठवला हेच माहीत नसलेला फोटो. ती स्वतःच जोडून घेईल, तुम्ही बोलू नका.

सासूबाईंना मात्र फोनवर उत्तर देत बसू नका. रविवारी नातीला त्यांच्यासमोर बसवा आणि म्हणा, चिऊ-काऊची गोष्ट हिला तुमच्याकडून ऐकायची आहे. शेवट घरोघरी वेगळा असतो. कुठे काऊला आत घेतात, कुठे चुलीशी बसवून चटका देतात. तुमच्या सासूबाईंच्या घरी काय करतात, ते मलाही कळवा.