खरं लिहिलं तर कमिशन कोण देणार?

"मशीनमधली खोट सांगितली तर ती मशीन कुणी घेणार नाही. कुणी घेतली नाही तर मला कमिशन नाही. मग खोटं बोलल्याशिवाय हा धंदा चालायचा कसा?"

वस्तूंच्या रिव्ह्यूची छोटी वेबसाइट काढून त्यावर कमवावं, असा विचार घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न असतोच. लेखातल्या लिंकवरून वाचकाने वस्तू घेतली की विक्रेता लिहिणाऱ्याला काही टक्के कमिशन देतो, ते हे कमिशन. बरेच जण आधी डोमेनचं (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं) नाव, डिझाइन, लोगो यांविषयी बोलत राहतात आणि उठता उठता हे विचारतात. वरचे शब्द ज्यांचे आहेत त्या बाईंनी मात्र बसल्या बसल्या विचारलं. मला ते फार आवडलं, कारण बाकी सगळं शिकता येतं; हा प्रश्न न सोडवता पुढे गेलेला माणूस काही महिन्यांत स्वतःच्याच लिखाणाला कंटाळतो. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई हिशेब विभागात नोकरीला. शिवणकाम मात्र वर्षानुवर्षांचं. ओळखीपाळखीत कुणालाही शिलाई मशीन घ्यायची असली की आधी त्यांना विचारायचं, हे ठरलेलं. त्यामुळे विषय शोधायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नमुन्यादाखल एक लेख लिहून आणला होता. 'दमदार मोटर, देखणं रूप, नवशिक्यांसाठी उत्तम पर्याय.' पुढे कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे.

"ही मशीन तुमच्या घरी आहे?"

"सहा वर्षं वापरतेय."

"मग जीन्सची खालची पट्टी शिवताना कडेच्या जाड शिवणीपाशी आलात की काय होतं?"

त्या एकदम पुढे सरकून बसल्या. "अडखळते हो. तिथे कापडाचे थर अचानक वाढतात ना, कापड दाबून धरणारा प्रेसर फूट पुढून उचलला जातो, तिरका होतो. कापड सरकतच नाही, एकाच जागी टाके साचतात. मी फूटच्या मागच्या बाजूला कापडाची जाडसर घडी सरकवते, म्हणजे तो सपाट बसतो. मग तेवढे चार-पाच टाके चाक हाताने फिरवून काढायचे. मोटरवर सोडलंत तर सुई मोडली म्हणून समजा. सुती कापडावर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही."

"मग हे लेखात का नाही?"

"वाईट दिसेल ना ते."

मी त्यांना ते तिथेच कागदावर उतरवायला सांगितलं. जसं बोलल्या तसंच. तो परिच्छेद नुसतं माहितीपत्रक वाचून कुणालाही लिहिता आला नसता. गूगलने एप्रिल 2021 मध्ये खास रिव्ह्यूच्या लेखांसाठी शोधक्रमात (शोधल्यावर कोणतं पान वर दिसेल त्या क्रमात) बदल केला, तेव्हा आणि त्यानंतर अपेक्षा हीच सांगितली: वस्तू वापरल्याचा पुरावा, स्वतः काढलेले फोटो, स्वतः घेतलेली मोजमापं, गुणांबरोबर दोष. डिसेंबर 2022 मध्ये दर्जा तपासण्याच्या त्यांच्या निकषांत 'अनुभव' हा निकष वेगळा जोडला गेला. म्हणजे बाई जे लपवत होत्या, तेच त्यांचं भांडवल होतं.

आता कमिशनची भीती. रिव्ह्यू शोधणारा माणूस बहुतेकदा खरेदी करायचं ठरवूनच आलेला असतो; कोणती घ्यावी एवढंच अडलेलं असतं. 'जीन्स शिवणार असाल तर ही घेऊ नका, ती घ्या' असं लिहिलंत, तर तो 'ती' तुमच्याच लिंकवरून घेऊ शकतो. अ‍ॅमेझॉनसारख्या योजनेत तर लिंकवर क्लिक केल्यापासून 24 तासांत त्याने दुसरीच पात्र वस्तू घेतली, तरी कमिशन मिळतं. उलट खोट्या कौतुकाला भुलून घेतलेली मशीन परत गेली, तर कमिशनही परत जातं. हे ऐकल्यावर बाईंचे खांदे जरा सैल झाले. पण मोह राहतोच, हेही मी सांगितलं. महागडी वस्तू किंवा जास्त टक्के देणारा विक्रेता नकळत यादीत वर सरकतो. त्यासाठी त्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली: कोणती मशीन पहिली आणि का, हे आधी लिहून टाकायचं, टक्के नंतर बघायचे.

लोक मला वायरकटरचं उदाहरण देतात. ब्रायन लॅम यांनी 2011 मध्ये ही साइट सुरू केली. खूप वस्तू तपासून 'ही घ्या' असं सरळ सांगायचं आणि लिंकवरच्या कमिशनवर चालायचं, हा तिचा धागा. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे 3 कोटी डॉलरना विकत घेतली. उदाहरण खरं आहे, पण एकट्या माणसाने त्याकडे बघून नोकरीचा राजीनामा लिहू नये. म्हणून मी बाईंपुढे कोरा कागद ठेवला. हिशेबाच्या माणसाला हिशेबातच बोललेलं पटतं.

समजा कमिशन 4 टक्के. तपासणीसाठी एक मशीन स्वतःच्या पैशाने घेतली, तर तिची किंमत भरून यायला तशाच 25 मशीन विकल्या जायला हव्यात. समजा हजार वाचकांपैकी शंभरांनी लिंक दाबली आणि त्यातल्या तिघांनी खरेदी केली. म्हणजे 25 विक्रींसाठी आठ हजारांहून जास्त वाचक, आणि ते केवळ मुद्दल सुटायला. होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवण्याचा खर्च, तुमचा वेळ अजून धरलेलाच नाही. बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि गप्प झाल्या.

त्या गप्प बसण्याला घाबरायचं कारण नव्हतं, कारण त्यातूनच कामाचा रस्ता निघाला. मशीन विकत घेत सुटायचं नाही. सुरुवात घरातल्या मशीनपासून, मग मैत्रिणींकडच्या, ज्या वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि म्हणून जास्त काही सांगतात. एखादी घेतलीच तर तपासून झाल्यावर वापरलेली म्हणून विकायची. प्रत्येक मशीनवर तेच कापड, तोच दोरा, तीच सुई, म्हणजे तुलनेला अर्थ राहतो. टाक्यांच्या दोन ओळी जवळून फोटोत दाखवायच्या. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था 1936 पासून वस्तू तपासायचं काम करते. जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू सामान्य गिऱ्हाइकासारख्या विकत घेते. एकट्या बाईंना तेवढं झेपणार नव्हतं, पण मशीन कुठून आली हे प्रत्येक लेखात सांगणं झेपण्यासारखं होतं.

काही महिन्यांनी कसोटीची वेळ आली. एका उत्पादकाने नवी मशीन फुकट देऊ केली. अट इतकीच की लेख आधी दाखवायचा आणि 'नकारात्मक मुद्दे' टाळायचे. बाई मेल घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना नाही म्हणायचं होतं, पण तुसडं वाटायला नको होतं. आम्ही मिळून उत्तर लिहिलं: 'मशीन पाठवल्यास आनंदाने तपासेन आणि परत करीन. ती तुमच्याकडून आली हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहीन. लेख प्रसिद्ध होण्याआधी दाखवता येणार नाही. जे आढळेल ते लिहीन. वस्तुस्थितीत चूक दाखवलीत तर दुरुस्त करीन.' उत्तर आलं नाही. बाईंना दोन दिवस चुटपुट लागली होती, आणि लागणारच. नवीकोरी मशीन दारात येता येता राहिली.

मी मात्र या बाबतीत जराही सैल नाही. फुकट वस्तू, कमिशन, कंपनीशी नातं, यांपैकी काहीही असेल तर वाचकाला ते लिंकच्या आधी, साध्या शब्दांत कळलं पाहिजे. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं मी उघड केलेलं मानत नाही. अनेक देशांत हा आता कायद्याचाही विषय आहे. अमेरिकेत खोट्या आणि विकत घेतलेल्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. पण कायदा नसता तरी माझं मत बदललं नसतं. समोरचा माणूस आपल्या शब्दावर त्याच्या कष्टाचे पैसे खर्च करणार असतो.

एक गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं, तरी सांगावी लागते. प्रामाणिक लिहिलं म्हणजे वाचक येतीलच, अशी हमी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलच्या शोधक्रमातल्या बदलानंतर कितीतरी लहान, मेहनतीने चालवलेल्या साइटचे वाचक एकदम आटले. आता शोधाच्या पानावरच एआयचं तयार उत्तर दिसतं, मग खालची लिंक उघडायची गरज अनेकांना वाटत नाही. कमिशनचंही तसंच. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरसारख्या वस्तूंवरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणलं. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून बाईंनी पहिल्या महिन्यापासून वाचकांचे ईमेल गोळा केले, एकाऐवजी दोन-तीन विक्रेत्यांच्या लिंक दिल्या, आणि मशीन दुरुस्त कशी करावी याचे छोटे व्हिडिओ काढले.

नोकरी त्यांनी सोडलेली नाही. आमच्यात ठरलं आहे की साइटचं उत्पन्न सलग बारा महिने पगाराच्या निम्म्याला पोचलं, तरच अर्धवेळ कामाचा विषय काढायचा. सध्या ते त्याच्या जवळपासही नाही. सर्वांत जास्त वाचला जातो तो जीन्सच्या जाड शिवणीवरचा लेख, आणि त्यावरून येणारे प्रश्न त्या रात्री जेवण झाल्यावर उत्तरं देत बसून संपवतात. परवा विचारत होत्या, ओव्हरलॉक मशीनवर (कापडाची कड उसवू नये म्हणून ती शिवून घेणारी मशीन) लिहू का, मागणी खूप आहे. ती त्यांनी कधी वापरलेली नाही. म्हणून आता दर रविवारी ओळखीच्या एका शिंप्याच्या दुकानात बसून आधी ती चालवायला शिकताहेत.